जामीन कोण राहणार?

आपल्याकडे अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला. मराठी बोलणारा विचारतो, "गाव कोणतं म्हणायचं?" कानडी बोलणारा विचारतो, "याव ऊर्री?" नाव, कामधंदा सगळं नंतर. निपाणीहून चिकोडीला जाणाऱ्या बसमध्ये शेजारी बसलेला माणूस एवढंच विचारतो आणि बस चिकोडीत शिरेपर्यंत तुमच्या मामाचं गाव, त्या गावातला आपला साडू आणि त्या साडूची तुमच्या मामाशी असलेली ओळख, असं सगळं जुळवून मोकळा होतो. माणूस कुठला आणि कुणाचा हे कळलं की आपल्याला बरं वाटतं. हाच प्रश्न तुरुंगाच्या दारातही कुणीतरी विचारायला हवा, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे. ते का, हे आज सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. एका संध्याकाळी माझ्या जुन्या विद्यार्थ्याची आई आणि मामा दारात आले. आई विड्या वळते, वडील नाहीत. मुलगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून सीमेपलीकडच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून जात होता. तिथल्या तांब्याच्या तारेच्या चोरीत तिघांना धरलं, त्यात हाही होता. त्याने चोरी केली की नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. खटला अजून चालू आहे.

"सर, जामीन झालाय म्हणत्यात. मग पोरगं घरी का येईना?" आईने विचारलं.

जामीन झाला होता हे खरं. हुकमात पंचवीस हजारांचा आकडा होता आणि जामीनदार तिथलाच, स्थानिक हवा होता. मामाची दोन एकर जमीन आहे, तिचं पहाणी पत्रक त्याने पिशवीत जपून आणलं होतं. पण ती जमीन कर्नाटकातली. पलीकडच्या कोर्टात सातबारा चालतो, आपली पहाणी तिथे चालेना. मधलं अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. दोन्हीकडे ऊस तोच, सोयरीक तीच, फक्त उताऱ्याचा कागद वेगळा. कोर्टाबाहेर एकाने "आठ हजार द्या, जामीनदार मी उभा करतो" असं सांगितलं होतं. आईने कानातलं विकायची तयारी ठेवली होती.

मग मामा जरा अडखळत म्हणाला, "सर, तुमची कोल्हापुरात खोली हाय न्हवं? तुम्ही राहताय का जामीन?"

मी म्हणालो, "बघतो."

नाही म्हणायला हा शब्द आपल्याला फार सोयीचा आहे. आमच्या वडिलांनी एका पतसंस्थेच्या कर्जाला मित्रासाठी सही केली आणि पुढची सहा वर्षं ते कर्ज आमच्या घराने फेडलं. तेव्हापासून "कुणाला जामीन राहू नकोस" हा उपदेश मी ऐकत आलो. त्या रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं. तिचं माहेर हुक्केरीकडचं, काही नेमकं विचारायचं असलं की ती कानडीत विचारते.

"अंव ओडी होगतानेनु?"

तो पळून जाईल का? मी तीन वर्षं त्या मुलाला वर्गात पाहिलं होतं. आईला सोडून तो कुठे जाणार? मी म्हणालो, "इल्ला."

"मत्त?" ती म्हणाली. या "मत्त"ला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

मी ठरवायच्या आतच प्रश्न सुटला. पलीकडच्या गावातल्या एका लांबच्या पाहुण्याने आपला सातबारा दिला. जामिनाचा हुकूम झाल्यानंतर सदतिसाव्या दिवशी मुलगा घरी आला. नोकरी गेली होती. मी मात्र सुटलो, आणि तसं सुटल्याचं मला अजून बरं वाटत नाही.

मी वकील नाही, पण मास्तरकीची खोड म्हणून वाचायला घेतलं. पहिली गोष्ट कळली ती माझ्या भीतीबद्दल. कर्जाचा जामीन आणि कोर्टातला जामीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्टातला जामीनदार गुन्ह्याची हमी घेत नाही. आरोपी तारखेला हजर राहील, एवढीच त्याची हमी असते. आरोपी आला नाही तर कोर्ट जामीनदाराला नोटीस काढतं, त्याचं म्हणणं ऐकतं आणि मग लिहून दिलेली रक्कम दंड म्हणून भरायला सांगू शकतं. त्यातला काही भाग माफही करू शकतं. पुढे जामीनदाराला भरवसा वाटेनासा झाला तर अर्ज करून तो मोकळा होऊ शकतो. हे मला आधी माहीत असतं तर "बघतो" म्हणालो नसतो, असं म्हणायला मन धजतं, पण खात्री देत नाही.

दुसरी गोष्ट कळली ती अशी की, पहाणी आणि सातबाऱ्याचा हा घोळ नवा नाही. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं प्रकरण आलं. जामीन मंजूर झाला होता, पण खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर जे विचारलं ते आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांनी लक्षात ठेवावं असं आहे. एखादा कन्नडिग किंवा तमिळ माणूस बस्तरमध्ये नाहीतर दिल्लीच्या चांदनी चौकात पकडला गेला, तर त्याने तिथे जमीनजुमला असलेला जामीनदार आणायचा कुठून? न्यायालयाने त्या गवंड्याला एक हजार रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. जातमुचलका म्हणजे कानडीतली मुच्चळिके. शब्द दोन्ही भाषांत एकाच वाटेने आलेला आहे.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांचं हुसैनारा खातून प्रकरण गाजलं. गुन्हा शाबित झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त दिवस खटल्याविना आत काढलेली माणसं त्यात होती. न्यायमूर्ती भगवती यांनी त्या निकालात एक यादी दिली. माणसाला पैशाविना जातमुचलक्यावर सोडायचं की नाही हे ठरवताना काय पाहायचं, तर तो त्या गावात किती वर्षं राहतो, कामधंदा काय, घरात कोण आहे, लोकांत नाव कसं आहे, आधी काही गुन्हे आहेत का, आणि तो हजर राहील असं सांगणारी गावातली जबाबदार माणसं कोण. वाचताना मला आपली चिकोडीची बसच आठवली. "याव ऊर्री?" हाच तो प्रश्न.

ही कल्पना भगवतींनी अमेरिकेकडे पाहून मांडली होती आणि तसं त्यांनी निकालात सांगितलंही आहे. १९६१ साली न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात व्हेरा नावाच्या संस्थेने एक प्रयोग सुरू केला. कायद्याचे विद्यार्थी नुकत्याच पकडलेल्या माणसाला भेटायचे, घर, नोकरी, नातेवाईक विचारायचे, फोन करून खातरजमा करायचे आणि न्यायाधीशाला शिफारस करायचे, की हा पैसे न भरता सोडला तरी येईल. त्या शिफारशीवर सुटलेल्यांपैकी मुद्दाम तारीख चुकवणारे शंभरात दोनही निघाले नाहीत. त्यातून पुढे तिथे कायदे बदलले आणि अनेक काउंट्यांमध्ये, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागांमध्ये, खटल्याआधीच्या कामाची स्वतंत्र कचेरी उभी राहिली. कुठे ती कोर्टाच्या हाताखाली असते, कुठे तुरुंग खात्याच्या. सप्टेंबर २०२३ मध्ये तर इलिनॉय राज्याने पैशाचा जामीन पूर्ण बंद केला. असं करणारं ते तिथलं पहिलं राज्य.

या कचेऱ्यांत काम करणारी माणसं पोलीस नसतात, वकीलही नसतात. आत आलेल्या माणसाशी बोलायचं, माहिती पडताळायची, न्यायाधीशाला अहवाल द्यायचा आणि सुटल्यावर तो तारखेला येतो ना हे पाहायचं, हे त्यांचं काम. तारखेची आठवण करून देणं हा त्यातला मोठा भाग. न्यूयॉर्कमध्ये मोबाइलवर नुसता आठवणीचा निरोप पाठवला, तर तारीख चुकवणारे साधारण पाचव्या हिश्शाने कमी झाले, असं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे तारखेला न येणारे सगळेच पळालेले नसतात. बरेच जण विसरलेले असतात, काहींना रजा मिळालेली नसते, काहींकडे बसभाडं नसतं.

अशा कचेरीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो तिथला वरिष्ठ, हाताखालच्या माणसांचं काम पाहणारा. त्याचं काम मला आमच्या पेपर तपासणीवरून समजलं. एखाद्या गठ्ठ्यात सगळ्यांनाच बेचाळीस गुण दिसले की समजावं, तपासणाऱ्याने पेपर वाचलेच नाहीत. तसं दहा अहवालांत "घरची परिस्थिती बेताची, वर्तन साधारण" एवढंच दिसलं, तर या वरिष्ठाने कर्मचाऱ्याला विचारलं पाहिजे, "तू घरी गेला होतास का? आईशी बोललास, की शेजाऱ्याशी?"

दुसरी जोखीम आणखी मोठी आहे. "लोकांत नाव कसं आहे" या रकान्यात माणसाऐवजी त्याची जात किंवा वस्तीच लिहिली जाऊ शकते. इंग्रजांनी १८७१ मध्ये केलेल्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं. सोलापुरात अशांच्या वसाहतीला तारेचं कुंपण होतं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण पारधी म्हटलं की अजून भुवया उंचावतात. अमेरिकेतही हीच तक्रार आहे. तिथे आता गुण देणारे तक्ते वापरतात, आणि ज्या वस्तीत पोलीस जास्त फिरतात तिथल्या माणसाच्या नावावर आधीच्या अटका जास्त, म्हणून त्याचे गुण वाईट. तक्ता असो वा अहवाल, त्यातलं ऐकीव आणि पाहिलेलं वेगळं करायला वर कुणीतरी जाणता बसावा लागतो.

तिसरं काम सर्वांत अवघड. शिफारस केलेल्या शंभरांतला एक पळाला तर त्याची बातमी होते आणि शिफारस करणाऱ्याला जाब विचारतात. उरलेल्यांतले पन्नास विनाकारण आत बसले तर बातमी होत नाही, कारण ती चूक दिसतच नाही. ती फक्त घरी दिसते, विड्या वळणाऱ्या आईला. म्हणून हाताखालची माणसं हळूहळू "नको" लिहायला शिकतात. त्यांच्या पाठीशी उभं राहणं आणि न दिसणाऱ्या चुकाही मोजायला लावणं, हे वरिष्ठाचं खरं काम.

आपल्याकडे अशी कचेरी नाही. निपाणीचा माणूस अलीकडे पकडला गेला तर हिंडलगा आणि पलीकडे पकडला गेला तर कोल्हापूरचं कळंबा, ही दोन नावं आपल्या घरांना ठाऊक आहेत. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात, १९८६ च्या सीमा आंदोलनात इथल्या कितीतरी घरांतली माणसं आत जाऊन आली. त्यांच्या आठवणी आपण अभिमानाने सांगतो. चोरीच्या आरोपात आत असलेल्या मुलाबद्दल मात्र "पुण्याला कामाला गेलाय" असं सांगतो. दोष शाबित होण्याआधी दोघंही कायद्याच्या लेखी सारखेच. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे चारांतले तीन बंदी खटला संपायची वाट पाहणारे होते. कानडीत आपण त्यांना विचारणाधीन कैदी म्हणतो. त्यांची "विचारणा" करायला येतं कोण, हाच प्रश्न आहे.

अगदीच कुणी येत नाही असंही नाही. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा उपक्रम १९९० पासून आहे. त्याचे समाजकार्यकर्ते तुरुंगात जातात, घरच्यांना शोधतात, वकिलाशी गाठ घालून देतात. येरवडा आणि नागपूरच्या तुरुंगांत २०१९ पासून तरुण वकील आणि समाजकार्यकर्ते जोडीने कच्च्या कैद्यांसाठी काम करू लागले. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांच्या प्रकरणांचा आढावा घेणारी समिती आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, त्याचे विधी स्वयंसेवक आहेत. परिवीक्षा अधिकारीही आहेत, पण १९५८ च्या कायद्याप्रमाणे त्यांचं मुख्य काम दोष सिद्ध झाल्यावर सुरू होतं.

आमच्या या मुलासारख्यांसाठी सर्वांत मोलाचे आहेत ते ३१ जानेवारी २०२३ चे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश. जामिनाचा हुकूम झाला की त्याची प्रत ईमेलने तुरुंगात जायला हवी. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं आणि त्यांनी स्वयंसेवक किंवा वकील पाठवायचा. घरच्या परिस्थितीचा अहवाल करून कोर्टापुढे ठेवायचा. महिन्यात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. आणि सुटका लांबण्याचं एक कारण स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे आहे, तेव्हा अशा वेळी ती अट घालू नये, असंही त्यात सुचवलं आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. त्यात तेव्हा जामिनाच्या रकमेसाठी चाळीस हजारांपर्यंत मदतीची तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, पूर्वी कधी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडण्यासाठी अधीक्षकानेच कोर्टाला अर्ज करायचा आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रकरणं असलेले आरोपी त्यातून वगळले आहेत.

म्हणजे कागद आहेत, माणसंही थोडीफार आहेत. उणीव आहे ती या सगळ्यांना एका दोरीत धरून रोज सकाळी विचारणाऱ्याची, की "काल कुणाला जामीन झाला, त्यातले किती अजून आत आहेत, आणि का?" प्राधिकरणाच्या सचिवांवर लोक अदालतीपासून शिबिरांपर्यंत शंभर कामं असतात. रोज फक्त हेच पाहणारा एक पूर्णवेळ माणूस आणि त्याच्या हाताखाली चार-पाच शिकवलेली मुलं, एवढी मागणी आपल्या जिल्ह्याने करायला हरकत नाही.

आणि ती मुलं इथली हवीत. हिंडलग्यात बसलेल्या पोराची आई मराठीत बोलते, अहवाल कानडीत लागतो. पलीकडे कळंब्यात उलट होतं. आई "आमचा पोरगा तसा न्हाई" म्हणते, तेव्हा ते नुसतं रडणं आहे की त्यात पडताळता येईल अशी माहिती आहे, हे दोन्ही भाषा घरात बोलणाऱ्यालाच कळतं. नोकरीच्या अर्जात आपली मुलं "भाषा : मराठी, कन्नड" असं लिहितात आणि त्याचा उपयोग काय म्हणून विचारतात. हा एक उपयोग आहे. विधी स्वयंसेवक व्हायला वकिलीची पदवी लागत नाही. निवृत्त शिक्षक, अंगणवाडी सेविका, समाजकार्याचे विद्यार्थी यांना घेतात, प्रशिक्षण देतात. तालुका विधी सेवा समितीत चौकशी करावी.

ज्यांच्या घरी आज ही वेळ आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करून मदत मागता येते. आणि जामीन होऊन आठवडा उलटला तरी माणूस घरी आला नसेल, तर कोर्टाबाहेरच्या आठ हजारवाल्याकडे जाण्याआधी वर सांगितलेले २०२३ चे निर्देश वकिलाला दाखवून अर्ज करायला सांगा.

तो मुलगा आता निपाणीतच एका गॅरेजमध्ये काम करतो. दर तारखेच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला फोन करतो. "उद्या तारीख आहे रे." तो म्हणतो, "हो सर, मालकांना सांगितलंय." आतापर्यंत अकरा तारखा झाल्या, एकही चुकली नाही. पहिल्यांदा फोन केला तेव्हा बायको शेजारीच होती. फोन ठेवल्यावर ती काही बोलली नाही. "मत्त?" असंही तिने विचारलं नाही.